दोन मांजरांचं एका घरात जमवायचं कसं?

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. मागच्या वेळी आपण बियाणं कसं साठवायचं ते बोललो, त्याआधी गटाच्या कर्जफेडीवर बोललो. आणि आज आम्ही बोलणार आहोत मांजरांवर. घरात दोन मांजरं असतील आणि एक दुसऱ्याला जगू देत नसेल, तर काय करायचं यावर.

हसा, पण ऐका. कारण या मांजरांपायी आमच्या एका गटाची बैठक मोडायची वेळ आली होती.

आम्ही ज्या गावांत सहयोगिनी म्हणून फिरतो, तिथल्या एका गटात ११ जणी आहेत. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात. शेंगदाणे आणि ज्वारी ठेवायला जागा नाही, म्हणून एका ताईंच्या घरची मागची खोली वापरतात. त्या घरात मनी नावाची भाटी आहे, ६ वर्षांची. ताईंच्या सासूबाईंनी पिल्लू असल्यापासून सांभाळलेली. मनी त्या खोलीत झोपायची, आणि त्या खोलीत कधी उंदराची लेंडी दिसायची नाही.

मागच्या पावसाळ्यात ताईंच्या मुलाने एक बोक्याचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं सोन्या. ओंजळीत मावेल एवढं होतं. मनीनं चार दिवस फिस्कारून घेतलं आणि मग चालवून घेतलं. हिवाळा तसाच गेला. उन्हाळा लागेपर्यंत सोन्या अंगानं भरला, आणि सगळं फिरलं. मनी दिसली की तो तिच्यावर धावायचा. ती खायला आली की वाटीपाशी जाऊन उभा राहायचा. मग तो मागच्या खोलीच्या उंबऱ्यावरच बसायला लागला. मनीनं त्या खोलीत जाणं सोडलं. ती दिवसभर माळ्यावर, नाहीतर कडब्याच्या गंजीवर.

सासूबाईंनी आम्हाला तेव्हाच विचारलं होतं, "बाई, ह्या दोघांचं काय करावं?" आम्ही हसून म्हणालो, "आजी, मांजरांचं मांजरं बघून घेतील." ही आमची चूक. महिनाभरात मनीनं एकदा वाकळेवर आणि एकदा शेंगदाण्याच्या पोत्यावर मुतून ठेवलं. सोन्या तरुण, त्याचा सगळा जीव मनीच्या मागे धावण्यात; उंदरांकडे त्याचं लक्ष नव्हतं. उंदरांनी दोन पोती खालून कुरतडली. बैठकीत प्रश्न निघाला, नुकसान कोणी भरायचं? ताई रडायला लागल्या. त्यांच्या घरच्यांनी ठरवून टाकलं, की घाण करणारी मनी आहे, तिला पोत्यात घालून बाजारच्या गावी सोडून येऊ.

मैत्रिणींनो, तेव्हा आम्ही हात जोडून एवढंच म्हणालो, "आम्हाला दोन महिने द्या." मग तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो, डॉक्टरांना विचारलं, आणि त्या घरात एकेक गोष्ट करून पाहिली. जे कळलं ते आज सांगतो.

दांडगाई ओळखायची कशी?

आधी खेळ कोणता आणि भांडण कोणतं ते ओळखायला शिका. खेळताना मांजरं फारसा आवाज करत नाहीत. कधी हा वर, कधी तो वर. एकदा हा पळतो, एकदा तो. नखं आत असतात. खेळ संपला की दोघं तिथंच अंग चाटत बसतात.

भांडणात कान मागे चिकटतात, शेपूट फुगते, गुरगुर आणि किंचाळणं ऐकू येतं, केसांचे पुंजके पडतात. आणि मुख्य म्हणजे दर वेळी एकच पळतो आणि दुसरा दर वेळी मागे लागतो.

पण खरी दांडगाई पुष्कळदा बिनआवाजाची असते. एक मांजर वाटेत बसतं आणि दुसऱ्याकडे टक लावून बघतं. बस, एवढंच. आपल्याला वाटतं, काय शांत बसलंय. पण दुसरं मांजर उंबरा ओलांडत नाही. उपाशी राहतं, पाण्याला जात नाही, मुतायला बाहेर जायची वाट बंद म्हणून घरात कुठंतरी मुततं. उंचावर नाहीतर अंधाऱ्या कोपऱ्यात दबून राहतं. एकाच जागी चाटून चाटून तिथले केस घालवतं.

मनीचं नेमकं हेच झालं होतं. ती घाण करत होती ते खोडी म्हणून नाही. तिला वाटच नव्हती. ज्याला त्रास होतो त्यालाच घराबाहेर काढायचं, ही रीत आपल्या बायकांना काही नवीन नाही. निदान मांजराच्या बाबतीत तरी आपण ती मोडू या.

मांजर असं का वागतं?

बैठकीत एकजण म्हणाली, "थोरली आणि धाकटी जाऊ आहे ही, दुसरं काय." सगळ्या हसल्या. पण मांजरांच्या मनात मत्सर असतो, बदला असतो, असं समजून गेलो तर इलाज सापडत नाही.

मांजराची जात मूळची एकट्यानं शिकार करणारी. कुत्रे टोळीनं राहतात, टोळीत कोण पुढं कोण मागं ते ठरतं. मांजराचं तसं नाही. ज्या रानमांजरापासून आपलं घरचं मांजर झालं, ते एकटं हिंडायचं. माणसानं शेती सुरू केली, धान्य साठवलं, धान्याला उंदीर आले, आणि उंदरांमागं मांजर आलं. सायप्रस नावाच्या बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. म्हणजे कणगी आणि मांजर यांची सोबत इतकी जुनी आहे.

पण इतकी वर्षं माणसाजवळ राहूनही मांजराचा एक स्वभाव गेला नाही. आपली शिकारीची जागा, आपली झोपायची जागा, आपली वाट, हे त्याला आपलं एकट्याचं लागतं. मायलेकी, बहिणी-बहिणी असल्या तर एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात. पण बाहेरून आणलेलं परकं मांजर आपोआप घरचं होत नाही. पिल्लू असेपर्यंत चालवून घेतात. पिल्लू मोठं झालं, वर्ष-दोन वर्षांचं झालं, की जागेचा प्रश्न उभा राहतो. सोन्याचं तेच झालं.

आणखी काही कारणं असतात. बोका खच्ची केलेला नसेल तर तो जास्त भांडतो, भिंतीवर मुताची पिचकारी मारून आपली हद्द आखतो. भाटीला पिल्लं असतील तर ती कोणालाच जवळ येऊ देत नाही. खिडकीतून बाहेरचा बोका दिसला आणि त्याच्यापर्यंत जाता आलं नाही, तर घरातलं मांजर तो राग शेजारी बसलेल्या मांजरावर काढतं. एक मांजर दवाखान्यात जाऊन आलं की त्याच्या अंगाला औषधाचा वास असतो. घरातलं दुसरं त्याला ओळखत नाही आणि अंगावर जातं. मांजराची ओळख डोळ्यांपेक्षा वासावर जास्त चालते, हे लक्षात ठेवा. पुढं त्याचाच उपयोग करायचा आहे.

आधी दवाखाना

गरीब मांजर एकाएकी चावरं झालं, तर आधी त्याला काही दुखतंय का ते बघा. दात, कान, सांधा, पोट, काहीही. दुखणारं मांजर जवळ येणाऱ्यावर धावतं. आणि मार खाणारं मांजरही तपासा. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो. वरून जखम दिसत नाही, दोन-चार दिवसांनी तिथं गाठ येते, पू होतो, ताप भरतो, मांजर खाणं सोडतं. मनीच्या शेपटीपाशी अशीच गाठ निघाली. आम्हाला वाटत होतं ती भीतीनं खात नाही. ती तापानंही खात नव्हती.

घरचे उपाय करताना जपा. माणसाच्या तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनंही मांजर मरू शकतं. जखमेवर फिनेल ओतू नका, तेही त्याला विष आहे. गुराढोरांच्या गोचिडांवर जे औषध आपण पाण्यात घालून लावतो ते मांजराच्या अंगाला लावू नका. त्यातली पुष्कळ औषधं मांजराला झटके आणतात. कोमट मिठाच्या पाण्यानं जखम पुसा आणि दवाखान्यात न्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या क्रमांकावर फुकट फोन लागतो. आपल्या भागात मांजरासाठी काय सोय होते ते तिथं विचारा.

काही दिवस वेगळं ठेवा

मारामारी जोरात असेल तर दोघांना समोरासमोर आणून "करा दोस्ती" म्हणून उपयोग नाही. त्यानं भीती पक्की होते. आधी वेगळं करायचं.

एका मांजराला एक खोली द्यायची. दुसरी खोली नसेल तर माजघराचा आडोसा, न्हाणीघराशेजारची जागा, काहीही चालेल, फक्त दार बंद झालं पाहिजे. आत खाणं, पाणी, झोपायला गोणपाट, आणि घमेल्यात वाळू किंवा गार झालेली राख मुता-हागायला. खाण्याची वाटी घमेल्यापासून लांब ठेवा. घाणीशेजारी मांजर खात नाही. आम्ही सोन्याला पुढच्या खोलीत ठेवलं आणि मनीला मागच्या खोलीत सोडलं. पहिले दोन दिवस ती पोत्यांमागून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी पोत्यावर येऊन झोपली. आजींनी आम्हाला फोन करून सांगितलं.

मग वासाची ओळख करून द्यायची. एक जुनं सुती फडकं घ्या. एका मांजराच्या गालावर, कानाच्या पुढं हळूच चोळा. ते फडकं दुसऱ्याच्या वाटीशेजारी ठेवा. तसंच उलट करा. पहिल्यांदा मांजर फिस्कारेल, फडक्यापासून लांब बसेल. रागावू नका, फडकं जरा लांब सरकवा. ४-५ दिवसांत ते फडक्याशेजारी निवांत खायला लागलं, की पुढची पायरी. दोघांच्या जागा तास-दोन तास बदला. म्हणजे घरात दोघांचा वास मिसळतो.

त्यानंतर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना खायला द्या. आधी दारापासून लांब, मग रोज वीतभर जवळ. दार आहे म्हणून भीती नाही, आणि पलीकडचा वास आला की पोटात चांगलं काही पडतं, एवढं मांजराच्या डोक्यात बसलं पाहिजे. यासाठी रोजच्या खाण्यापेक्षा आवडीचं काही द्या. आम्ही बाजारातली सुकट पाण्यात धुऊन, मीठ काढून, चिमूटभर द्यायचो. उकडलेल्या अंड्याचा तुकडाही चालतो.

मग दार बोटभर उघडायचं. नंतर दाराऐवजी मध्ये जाळी किंवा उभी बाज. दिसू द्यायचं, भिडू द्यायचं नाही. सुरुवातीला दोनच मिनिटं. दोघं खात असतील तोवरच. कान मागे गेले, टक लागली, की गोड आवाजात हाक मारून लक्ष दुसरीकडं न्यायचं आणि दार लावायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. भांडण व्हायच्या आत थांबवायचं, भांडण होऊन नाही.

याला किती दिवस लागतात? काही घरांत १५ दिवस, काही घरांत दोन-तीन महिने. मध्येच मारामारी झाली तर दोन पायऱ्या मागं या, परत चढा. आमच्या इथं दहाव्या दिवशी शेजारच्या पोरानं गंमत म्हणून दार उघडलं आणि सगळं मुसळ केरात गेलं. परत फडक्यापासून सुरुवात केली.

सगळं वेगवेगळं आणि एक जास्तीचं

दोघांना एकत्र आणलं तरी घराची मांडणी जुनीच असेल, तर भांडण परत होणार. कारण मूळ भांडण जागेचं आहे. डॉक्टरांनी एक सोपा हिशेब सांगितला. जितकी मांजरं, तितक्या वस्तू आणि वर एक. दोन मांजरं तर तीन ठिकाणी पाणी, तीन ठिकाणी झोपायला गोणपाट, घरात घमेली ठेवत असाल तर तीही तीन. आणि ही सगळी एका रांगेत मांडून उपयोग नाही. एकाच रांगेत तीन वाट्या म्हणजे दांडग्या मांजराला एकच पहारा. एक वाटी चुलीपाशी, एक मागच्या खोलीत, एक ओसरीवर. एका वाटीपाशी बसून दुसरी दिसली नाही पाहिजे.

यात खर्च काही नाही. नारळाच्या करवंट्या, फुटक्या मडक्याचे तुकडे, जुने गोणपाट. आपल्या घरांत या वस्तू पडून असतात.

मांजराला उंचावरची जागा लागते. भिंतीला एक फळी ठोका, नाहीतर माळ्यावर जायला एक लाकूड तिरकं लावा. पण एक बघा, त्या जागेला दोन वाटा असाव्यात. एका वाटेवर दांडगा बसला तरी दुसरीकडून उतरता आलं पाहिजे. मागच्या खोलीला एकच दार होतं, म्हणून सोन्या उंबऱ्यावर बसला की मनीचं सगळं बंद व्हायचं. आम्ही मागच्या खिडकीच्या गजांपाशी एक खोकं ठेवलं, बाहेरून एक दगड रचला. मनीला दुसरी वाट झाली. खरं सांगतो, सगळ्या उपायांत या एका खोक्यानं सगळ्यात जास्त काम केलं.

खाणं दिवसातून एकदा भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं तीन-चार वेळा द्या. भुकेलं मांजर वाटीसाठी जास्त भांडतं. "खाऊ घातलं की मांजर उंदीर धरत नाही" असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. शिकार करणं मांजराच्या रक्तात असतं, पोट भरलेलं मांजरही उंदरामागं धावतं. नुसत्या दूध-भाकरीवर मात्र मांजराचं भागत नाही. मांस, मासळी, अंडं यातलं काही त्याच्या पोटात गेलंच पाहिजे, आणि मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचतही नाही, हगवण लागते. त्यापेक्षा स्वच्छ पाणी ठेवा.

आणि दांडग्या मांजराला कामाला लावा. सोन्या तरुण बोका, अंगात रग. आजींच्या नातवाला सांगितलं, सुतळीला चिंधी बांधून रोज सकाळ-संध्याकाळ १० मिनिटं याला पळव, आणि मग खायला दे. दमलेला सोन्या मनीच्या वाटेला कमी जायला लागला.

खच्चीकरणाची लाज धरू नका

आपण गोऱ्हा खच्ची करतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. बोक्याचं म्हटलं की लोक हसतात. पण बोक्याच्या दांडगाईवर हा मोठा इलाज आहे. पिल्लू ५-६ महिन्यांचं झालं की करता येतं. बोक्याचं काम लहान असतं, भूल देऊन करतात. त्यानं भटकणं, भांडणं, पिचकारी मारणं कमी होतं. पण दुसऱ्या दिवशी फरक दिसेल असं समजू नका, काही आठवडे जावे लागतात. आणि सवय खूप जुनी झाली असेल तर ती पूर्ण जाईलच असंही नाही. म्हणून लवकर केलेलं बरं.

भाटीचंही करून घ्या. मांजरीला दिवस गेले की साधारण ९ आठवड्यांत पिल्लं होतात, आणि वर्षातून दोन-तीनदा होऊ शकतात. एका वेळी चार म्हटली तरी हिशेब करा. घरात मांजरं वाढली की जागेची भांडणंही वाढतात. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल, तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. गटातल्या चार-पाच घरांनी मिळून गाडी केली तर जाण्यायेण्याचा खर्च वाटून जातो. आम्ही तसंच केलं. दवाखान्यातून आणल्यावर सोन्याला दोन दिवस वेगळं ठेवलं, औषधाचा वास जाईपर्यंत.

भांडणात हात घालू नका

दोन मांजरं एकमेकांना भिडली तर मध्ये हात घालू नका, लेकरांनाही सांगून ठेवा. परात वाजवा, किंवा मध्ये सूप, पाट, उशी काहीतरी सरकवा, किंवा एकावर घोंगडी टाका. वेगळी झाली की दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत काही तास राहू द्या. लगेच उचलून कुरवाळायला जाल तर ओरबाडून घ्याल.

मारहाण नको. झाडूनं बडवलं तर दांडगं मांजर शिकत काही नाही. दुसरं मांजर आलं की आपल्याला मार बसतो, एवढंच त्याच्या ध्यानात राहतं, आणि त्याचा राग वाढतो.

मांजर चावलं किंवा ओरबाडलं, तर ते घरचं आहे म्हणून सोडून देऊ नका. कुत्र्यासारखाच मांजरामुळंही रेबीज होऊ शकतो, आणि रेबीज झाल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची. चुना, मिरची, तेल, हळद काही भरायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जायचं, आणि सांगतील त्या सगळ्या तारखांना लस घ्यायची. दोन सुया घेऊन बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही. मांजर ३ महिन्यांचं झालं की त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या, आणि पुढची तारीख डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

घरात गरोदर बाई असेल तर मांजराची घाण तिनं काढू नये. त्यातून होणारा एक आजार पोटातल्या बाळाला बाधतो. ते काम दुसऱ्या कुणी रोजच्या रोज करावं आणि हात साबणानं धुवावेत.

पोत्यात घालून सोडणं

आता या गोष्टीवर स्पष्ट बोलतो. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडं, नाहीतर बाजारात सोडून येणं हे आपल्याकडं सर्रास चालतं. आम्हीही लहानपणी पाहिलं आहे, तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण सोडलेलं मांजर तिथं परकं असतं. तिथल्या मांजरांची, कुत्र्यांची जागा ठरलेली असते. जे मांजर घरातल्या एका बोक्यापुढं टिकलं नाही, ते तिथं कसं टिकणार? शिवाय १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यानं पाळलेलं जनावर असं सोडून देणं, जिथं ते भुकेनं तहानेनं हाल सोसेल, हा गुन्हा आहे.

कधीकधी सगळं करूनही दोन मांजरांचं जमत नाही, हेही खरं. तेव्हा एकाला दुसरं घर बघावं. माहितीचं घर, जिथं दुसरं मांजर नाही आणि उंदीर आहेत. गटाच्या बैठकीत विचारा. आपल्या ११ घरांपैकी एका घराला तरी मांजर हवं असतंच. नव्या घरात त्याला आधी दोन-तीन आठवडे कोंडून, खाऊ घालून ठेवायला सांगा, म्हणजे ते जुन्या घराकडं पळत नाही.

मग झालं काय?

मनी आणि सोन्या मित्र झाले का? नाही झाले. ती आजही त्याच्याशेजारी झोपत नाही, तो फार जवळ आला तर फिस्कारते. पण तो आता उंबऱ्यावर ठाण मांडून बसत नाही. बसला तरी मनी मागच्या खिडकीतून आत येते. ती पोत्यांच्या खोलीत झोपते, सोन्या ओसरीवर आणि गोठ्यात. वाकळेवर परत मुतलेली नाही. एका घरात दोन संसार आहेत, आणि दोघांना ते चालतंय. यापेक्षा जास्त मागू नये, असं आम्हाला वाटतं.

गटाचा प्रश्नही बैठकीत सुटला, पण तो एकट्या मांजरावर सोडला नाही. नुकसान ११ जणींनी मिळून सोसलं, कारण माल गटाचा होता आणि ताई खोलीचं भाडं घेत नव्हत्या. पुढच्या नफ्यातून दोन पत्र्याच्या कोठ्या घेतल्या, पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर भिंतीपासून हातभर लांब ठेवली, खोलीची बिळं सिमेंटनं बुजवली. मांजर राखण करतं, पण कोठीचं झाकण आपणच लावायचं असतं.

त्या बैठकीला आजी पहिल्यांदाच येऊन बसल्या होत्या. कधी बोलत नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी तेव्हाच विचारलं होतं." आम्ही मान खाली घातली. घरात कुणी म्हातारं माणूस, कुणी लेकरू म्हणालं की मांजर खात नाही, मांजर बाहेर येत नाही, तर ते लगेच बघायला हवं. महिनाभरानंतर बघितलं की पोती कुरतडलेली असतात आणि मांजर पोत्यात घालायची तयारी झालेली असते.

तुमच्या घरी दोन मांजरं असतील तर आज संध्याकाळी एवढंच करा. चुलीपाशी बसून १० मिनिटं बघा, कोण कुणाची वाट अडवतंय. आणि उद्या सकाळी दुसरी वाटी दुसऱ्या खोलीत ठेवा. बाकीचं हळूहळू होईल. काय झालं ते पुढच्या बैठकीत आम्हाला सांगा.